गाड्यावर नाव

‘कधीं गाड्यावर नाव, तर कधीं नावेवर गाडा’ ही म्हण आम्हीं शाळेंत पस्तीस वर्षें शिकविली. अर्थ सांगावा, मुलांकडून एखादें वाक्य करवून घ्यावें आणि पुढच्या म्हणीकडे वळावें, असा आमचा क्रम असे. एके वर्षीं एका चौकस विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, पण गाड्यावर नाव बांधतात तरी कशी?” वऱ्हाडांतल्या मुलाला ही शंका यावी हें अगदीं स्वाभाविक होतें. आमची मोर्णा काय किंवा मूर्तिजापुराकडची उमा काय, पावसाळ्यांत चार दिवस दुथडी भरून वाहावयाचें आणि मग वाळूंत तोंड लपवावयाचें, हाच आमच्या नद्यांचा स्वभाव. नावच जेथें क्वचित् दिसते तेथें ती गाड्यावर कोण चढविणार? “म्हणीचा शब्दशः अर्थ घ्यावयाचा नसतो,” असें सांगून आम्हीं त्याला खालीं बसविलें.

त्याच प्रश्नाचें उत्तर गेल्या वर्षीं आम्हांला भर रस्त्यावर द्यावें लागलें, आणि त्या परीक्षेंत आम्ही साफ नापास झालों. ती हकीकत सांगण्यासारखी नाहीं. पण सांगितलीच पाहिजे. दिवाळीच्या अन् उन्हाळ्याच्या सुटींत मोटारीच्या टपावर सामान लादून निघणारीं कुटुंबें आतां घरोघर आहेत. आमच्या हातून जें घडलें तें त्यांपैकीं कोणाच्याहि हातून घडूं शकतें.

आमचे धाकटे चिरंजीव पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकले. त्या महाविद्यालयाचें स्वतःचें नौकामंडळ आहे आणि तेथें दर वर्षीं ‘रेगाटा’ नांवाचा नौकोत्सव होतो. तेथेंच चिरंजीवांना कयाकाचा नाद लागला. कयाक म्हणजे अरुंद, लांबट, दोन्ही टोंकांस निमुळती होत गेलेली आणि दोन्हीकडे पातें असलेल्या एकाच वल्ह्यानें चालविली जाणारी लहानशी नाव. मूळची ही विद्या उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची. लाकडाच्या अथवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून बसवावयाचें आणि शिकारीस निघावयाचें. पाणी संपून बर्फ लागलें कीं तीच हलकी नाव उचलून चालूं लागावयाचें. म्हणजे त्यांच्याकडे माणूस नावेवर आणि नाव माणसावर असा व्यवहार. गाड्याचा प्रश्नच नव्हता. पुढें १९०५ सालीं आल्फ्रेड हॉयरिख या जर्मन विद्यार्थ्यानें घडी घालतां येण्याजोगी कयाक तयार केली व रोझेनहाइम येथील योहान क्लेपर या शिंप्यानें तिचे हक्क घेऊन ती विक्रीस आणली. लोक नावेची घडी पिशव्यांत भरीत, आगगाडींत बसत आणि नदीकांठीं उतरून ती उभी करीत.

वऱ्हाडच्या वाचकांस कौतुक वाटेल असा एक योग येथें सांगतों. ऑलिंपिकमध्यें कयाकाच्या पदकांच्या शर्यती प्रथम झाल्या त्या १९३६ सालीं, बर्लिन येथें. आणि घडीच्या कयाकांची दहा हजार मीटरांची शर्यत तर त्या एकाच ऑलिंपिकांत झाली, पुढें कधींहि नाहीं. त्याच वर्षीं त्याच बर्लिनला अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक गेलें होतें. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या या संस्थेच्या तरुणांनीं तेथें कबड्डीसारखे आपले देशी खेळ व व्यायामप्रकार जगाला करून दाखविले. म्हणजे आमच्या अमरावतीची आणि कयाकाची तोंडओळख तशी जुनी आहे.

चिरंजीवांची कयाक मात्र घडीची नव्हे. ती हल्लींच्या पद्धतीची, एकसंध प्लॅस्टिकची, सवातीन मीटर लांब आणि पंचवीस किलो वजनाची. ती दुमडत नाहीं कीं डिकींत मावत नाहीं. तिला जागा एकच, मोटारीचा टप.

गेल्या दिवाळीच्या सुटींत ही नाव पुण्याहून मालमोटारीनें अकोल्यास आमच्या घरीं आली. मोर्शीजवळ सिंभोरा येथें ऊर्ध्व वर्धेचा मोठा जलाशय आहे. नळ-दमयंती सागर असें त्याचें सुंदर नांव आहे. तेथें एक दिवस घालवावा असा बेत ठरला. लागणारी परवानगी चिरंजीवांनीं आधींच मिळविली होती. तरंगण्याचीं जाकिटें आली होतीं. टपावर दोन आडव्या दांड्यांचें कॅरियर बसवून घेतलें होतें. नाव बांधण्याचे पट्टे तेवढे यावयाचे राहिले होते.

“बाबा, पट्टे आले कीं निघूं. दोन दिवसांनीं काय बिघडतं?” चिरंजीव म्हणाले.

पण घरांत पहाटेपासून चुली पेटल्या होत्या. दशम्या झाल्या होत्या, डबे भरले होते, मुलें कपडे करून ओट्यावर बसलीं होतीं. आम्ही म्हणालों, “पट्टे कशाला हवेत? बंडीवर कडबा बांधतांना आमच्या वडिलांनीं कधीं पट्टे मागविले नव्हते.”

हें वाक्य आम्ही नुसतें बढाईनें बोललों असें नाहीं. आमचें बालपण खेड्यावर, कापसाच्या आणि कडब्याच्या बंड्या भरतांना पाहण्यांत गेलें. बंडी भरणें ही एक विद्या होती. उभाऱ्या खोंचून झाल्या कीं जाणता गडी दूर उभा राहून नजरेनें भार तोलीत असे. मागच्या अंगाला भार अधिक झाला तर जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याला फांस बसतो. त्याला उलाळ म्हणत. पुढें अधिक झाला तर तेंच जूं बैलांच्या मानेवर बसतें. म्हणून सारा भार आंखावर, किंचित् पुढें झुकता, असा ठेवावयाचा. मग अंबाडीचा दोर आडवा-उभा टाकून, पाय लावून आवळावयाचा, आणि शेवटीं त्यावर तांब्याभर पाणी शिंपडावयाचें. हें पाणी म्हणजे कांहीं उपचार नव्हे. अंबाडी ओली झाली कीं तिचे तंतु फुगतात, पीळ आवळला जातो आणि दोर आंखूड होतो. माणसाच्या हातानें राहिलेलें काम पाणी पुरें करी.

ही सारी विद्या स्मरून आम्ही कामास लागलों. बाजारांतून नवा, निळा, तुळतुळीत नायलॉनचा दोर आणविला. नावेला खरचटूं नये म्हणून दांड्यांवर जुनी गोधडी चौपदरी करून पसरली. नाव बरोबर मधोमध ठेविली. उलाळ होऊं नये एवढें ज्ञान आमच्यापाशीं होतें आणि तें खरेंहि ठरलें. मग प्रत्येक दांडीशीं दोराचे दोन-दोन फेरे घातले, गांठीवर गांठ मारली, आणि सर्वांच्या देखत वर तांब्याभर पाणी ओतलें. आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, “असं बांधणं आजकालच्या मुलांना येणार आहे का!” आमची छाती फुगली. चिरंजीवांनीं एकदां दोर चाचपून पाहिला, कांहीं बोलावेंसें त्यांना वाटलें असावें, पण बापापुढें ते बोलले नाहींत.

अकोल्याहून अमरावतीस जाणारा हा रस्ता आम्हीं खड्ड्यांचा पाहिला आहे. एस. टी.च्या टपावरची वळकटी त्या काळीं धक्क्यांनीं पडे, वाऱ्यानें नव्हे. आतां तो पालटला आहे. जून २०२२ मध्यें याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड काम करून घातला गेला आणि त्याची गिनेसच्या जागतिक विक्रमांत नोंद झाली. अशा गुळगुळीत रस्त्यावर मोटारीचा वेग किती वाढला हें आंत बसलेल्यास कळत नाहीं. टपावरच्या वस्तूला तें कळतें.

बोरगांव मंजू मागें पडलें आणि टपावरून भुंग्यासारखा घूंऽऽ असा आवाज येऊं लागला. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, वर कांहीं वाजतंय का?” चिरंजीवांनीं वेग कमी केला. “थांबून पाहूं का?” असें त्यांनीं विचारलें. आणि येथें आमच्या तोंडून जें निघालें त्याची आम्हांस जन्मभर लाज वाटेल. आम्ही म्हणालों, “दोर ताणला कीं गातो. आम्हीं बांधलेली गांठ आहे ती. चालूं दे.”

मूर्तिजापूर ओलांडल्यावर समोरच्या कांचेतून नावेचें पुढचें टोंक दिसूं लागलें. तें हळू हळू वर उठत होतें. चिरंजीवांनीं मोटार बाजूला घेण्यास आरंभ केला तोंच वर मोठा कडाका झाला. पुढचा दोर सरकून सुटला, नाव आडवी फिरली, मागच्या फेऱ्यांतून निसटली आणि रस्त्यावर आपटून घसरत गेली.

आमच्या मागून एक मोटारसायकल येत होती. चालविणारा तरुण, मागें त्याची बायको आणि दोघांच्या मध्यें तीन-चार वर्षांचें मूल. त्या तरुणानें गाडी रस्त्याच्या कडेला, गवतांत घातली. कशी सांवरली तें त्याचें त्यालाच ठाऊक. गाडी कलंडली नाहीं, कोणालाहि लागलें नाहीं. नाव त्यांच्यापासून दोन हातांवरून घसरत जाऊन पऱ्हाटीच्या शेतांत थांबली.

आम्ही धांवत गेलों. मूल रडूं लागलें होतें. ती बाई त्याच्या डोक्यावरून सारखा हात फिरवीत होती. आमच्याकडे तिनें पाहिलेंच नाहीं. तो तरुण आम्हांस मारता तरी आम्हांस कांहीं म्हणावयास जागा नव्हती. त्यानें आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलें आणि एवढेंच म्हटलें, “काका, लेकरू होतं गाडीवर.”

पस्तीस वर्षें मुलांना बोलावयास शिकविणाऱ्या आम्हांस त्यावर एक शब्द सुचला नाहीं. आम्हीं हात जोडले. तीं निघून गेलीं.

शेतांतून एक वृद्ध शेतकरी आला. त्यानें आणि चिरंजीवांनीं नाव उचलून बांधावर आणली. मग त्यानें तो निळा दोर हातांत घेतला, बोटांनीं पिळला, आणि ज्या स्वरांत आम्ही एके काळीं चुकलेलें गणित समजावून देत असूं त्याच स्वरांत तो म्हणाला, “अजी गुरुजी, हा काई अंबाडीचा दोर नाही. हा पानी पेला का ढिला पडते.”

वेदांती लोक दोरीवर साप भासल्याचा दृष्टांत देतात. आमच्या दोरीवर आम्हांस अंबाडी भासली होती. नाव आम्हीं त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यांत ठेविली, भरलेले डबे त्याच्याच बांधावर त्याच्यासह सोडले, आणि मुकाट्यानें अकोल्यास परतलों. वाटेंत कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

तीन दिवसांनीं पट्टे आले. तेव्हां आम्हीं चिरंजीवांस सांगितलें, “आतां तूं शिकव, आम्ही शिकतों.” मुलाकडून हार पत्करण्यांत बापाला उणेपणा नाहीं असें आपल्याकडे मानतात, तें आचरणांत आणावयास आम्हांस सहासष्ट वर्षें लागलीं इतकेंच. त्या दिवशीं जें शिकलों तें आतां क्रमानें सांगतों.

टपावरच्या वस्तूवर चारी बाजूंनीं जोर येतो आणि प्रत्येकाला निराळा बंध लागतो. आम्हीं एकच बंध सर्वांसाठीं पुरेल असें मानलें, ही आमची मूळ चूक. पहिला जोर वरचा. समोरचा वारा मोटारीच्या कांचेवर चढून वर वळतो आणि नावेच्या पुढच्या टोंकाला खालून उचलतो. हा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. ताशीं चाळीस किलोमीटरांवरून ऐंशींवर गेलों कीं तो दुप्पट न होतां चौपट होतो, आणि शंभरावर गेलों कीं सहापटींहून अधिक. बंडी ताशीं चार-पांच किलोमीटर चाले. तिच्यावरच्या दोराला वाऱ्याशीं झुंजण्याचा प्रसंगच येत नसे. वडिलांची विद्या खोटी नव्हती. ती बैलाच्या चालीची होती.

दुसरा जोर पुढचा. ब्रेक लागला कीं मोटार थांबते, पण टपावरची नाव आपल्या वेगानें पुढें जाऊं पाहते. करकचून ब्रेक लावला तर पंचवीस किलोची नाव जवळजवळ वीस किलो वजनाइतक्या जोरानें पुढें सरते. तिसरा मागचा; समोरचा वारा आणि मोटारीची मुसंडी हे दोन्ही मिळून तिला मागें लोटतात. चौथा बाजूचा, वळणांवर आणि शेजारून जड मालमोटार गेली असतां लागणाऱ्या हिसक्यांचा.

वरच्या आणि बाजूच्या जोराला उत्तर म्हणजे आडवे पट्टे. दोन दांड्यांत होईल तितकें अंतर असावें व प्रत्येक दांडीवर एक पट्टा. बकल अलीकडे ठेवून पट्टा नावेवरून पलीकडे टाकावा, पलीकडे त्याच दांडीखालून वळवून पुन्हां नावेवरून अलीकडे आणावा, दांडीखालून काढून बकलांत ओंवावा आणि हातानें ओढावा. पट्टा नावेच्या अंगाला भिडूनच दांडीपर्यंत उतरला पाहिजे; दूर फाकला तर तो दांडीवर सरकून सैल पडतो. उरलेलें टोंक मोकळें न सोडतां बांधून टाकावें. सपाट पट्टा वाऱ्यांत थरथरतो आणि गुणगुणतो; त्याला मध्यें एक पीळ दिला कीं तो गप्प बसतो. तें गुणगुणणें आम्ही गाणें समजलों होतों. वस्तुतः ती हांक होती.

पुढच्या आणि मागच्या जोराला हे आडवे पट्टे पुरे पडत नाहींत. ते केवळ घर्षणानें धरतात. म्हणून नावेच्या दोन्ही टोंकांपासून मोटारीच्या पुढच्या व मागच्या मजबूत लोखंडी आंकड्यांपर्यंत, ज्यांना बंद पडलेली मोटार ओढतांना दोर लावतात त्यांच्यापर्यंत, स्वतंत्र दोर घ्यावे. ते घराच्या पाख्यांसारखे दोन बाजूंस फाकलेले असावे, म्हणजे नाव डावी-उजवीकडेहि फिरत नाहीं. मागचा दोर तिला पुढें सरूं देत नाहीं; पुढचा तिचें टोंक उचलूं देत नाहीं व तिला मागें जाऊं देत नाहीं. आमच्या बांधणींत हे दोर मुळींच नव्हते. हे सैल असूं नयेत, कारण सुटलेलें टोंक चाकाखालीं गेलें तर निराळाच अनर्थ. आणि फार ताणूंहि नयेत, नाहींतर नाव धनुष्यासारखी वांकते.

आतां बांधण्याच्या वस्तूविषयीं. नायलॉनचा दोर बळकट खरा, पण त्याचा गुण लवचिकपणा आहे. जहाज धक्क्याला बांधण्यास किंवा मोटार ओढण्यास तो गुण उपयोगी, कारण हिसका तो पोटांत घालतो. भार जागच्या जागीं धरून ठेवण्यास तोच अवगुण. शिवाय तो पाणी शोषून आणखी सैल होतो. नायलॉनचे तंबू पावसांत झोळ खातात ते याच कारणानें. म्हणजे आम्हीं शिंपडलेल्या तांब्याभर पाण्यानें गांठ घट्ट होण्याऐवजीं उलट सोडविली. पॉलिएस्टरची विणलेली पट्टी फारशी ताणत नाहीं व ओली झाली तरी विशेष बदलत नाहीं. म्हणून पट्टे तिचेच घ्यावे. गोधडीनेंहि असाच दगा दिला. ती बांधतांना फुगलेली होती, वाटेंत धक्क्यांनीं दबली, आणि तिच्या दबण्याइतका दोर सैल झाला. खालीं कांहीं घालावयाचेंच तर रबर किंवा टणक फोम घालावा.

घट्ट म्हणजे किती घट्ट, हाहि प्रश्न आहेच. मालमोटारींवर दांड्यानें आवळावयाचे रॅचेटचे पट्टे असतात. त्यांनीं प्लॅस्टिकची नाव चेपते. वैशाखांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो तेव्हां हें प्लॅस्टिक अधिकच नरम पडतें व सांच्याबाहेर जातें. हातानें ओढून येईल तेवढाच ताण पुरे. दांड्या उघड्या असतील तर नाव पालथी ठेवावी. तिची वरची कड टणक असते, आणि वाटेंत पाऊस आला तरी आंत पाणी सांचून भार वाढत नाहीं. नाव चढवावयास दोघें हवींत. एकटाच असेल तर मागच्या कांचेवर सतरंजी टाकून आधीं एक टोंक दांडीवर टेकवावें व मग दुसरें उचलून पुढें ढकलावें. कंबरेंत वांकून सबंध भार उचलण्याचें धाडस आमच्या वयाच्यांनीं करूं नये.

कॅरियर स्वतः टपावर डुगडुगत असेल तर वरची सारी विद्या फुकट. टपावर किती भार चालेल तें मोटारीच्या पुस्तिकेंत छापलेलें असतें, आणि त्यांत कॅरियरचें वजनहि धरावयाचें असतें. सामान ठराविक मर्यादेबाहेर पुढें-मागें डोकावलें तर मोटार-वाहन कायद्यानें दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो वीस हजार रुपयांचा झाला आहे. पण दंडाचें भय हें आम्ही सांगण्याचें कारण नव्हे. “लेकरू होतं गाडीवर,” हें कारण आहे.

वाचक म्हणतील, आमच्या घरीं कयाक नाहीं. नसेल. पण मुलगा शिकावयास परगांवीं निघाला कीं टपावर गादी चढते, मुलीचा संसार थाटतांना पलंग नाहींतर कपाट चढतें. आणि गादी सुतळीनें बांधून, वर खिडकींतून हात काढून ती धरून बसणारे गृहस्थ आपण सर्वांनीं पाहिले आहेत. रुंद गादी वाऱ्याच्या तोंडीं नावेहून अधिक सांपडते; नाव निदान निमुळती तरी असते. वेगांतल्या गादीला माणसाचा हात धरूं शकत नाहीं. तो हात केवळ मनाचें समाधान करतो.

आठ दिवसांनीं आम्ही पुन्हां निघालों. त्या शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत जाऊन नाव घेतली. या खेपेस चिरंजीवांनीं बांधली आणि आम्हीं बकलें धरलीं. तो म्हातारा बाजूला उभा राहून बंडीकडे पाहावें तसा पाहत होता. सर्व झाल्यावर त्यानें मागचा दोर बोटानें टिचकी मारून वाजविला, मान डोलावली आणि बैलांना पाणी दाखवावयास निघून गेला.

सिंभोऱ्यास पोंचलों तेव्हां ऊन कोंवळें होतें. नाव पाण्यावर गेली. मुलांनीं बापासह आळीपाळीनें फेऱ्या मारल्या. आम्ही कांठावर बसलों होतों. पाण्याचें नांव नळ-दमयंती असें ऐकून नातीनें गोष्ट विचारली. महाभारतांतलें नलोपाख्यान आम्ही किती वर्षें शिकविलें, पण त्यांतला एक प्रसंग आम्हांस त्या दिवशीं प्रथम समजला. बाहुक झालेला नळ ऋतुपर्ण राजाला रथांत घालून अयोध्येहून विदर्भाकडे, म्हणजे आमच्याच या मुलखाकडे, वायुवेगानें आणीत असतो. वाटेंत राजाचें उत्तरीय खांद्यावरून उडून पडतें. राजा म्हणतो, रथ क्षणभर थांबव, वार्ष्णेय तें उचलून आणील. नळ उत्तर देतो कीं, तें केव्हांच एक योजन मागें राहिलें, आतां आणतां येणार नाहीं. नळाच्या वेगाची थोरवी म्हणून आम्ही हा प्रसंग शिकवीत आलों. वेगांत सुटलेली वस्तु परत येत नसते, हेंहि त्यांतच सांगितलेलें होतें.

गोष्ट ऐकून नात म्हणाली, “मग त्यांनीं तें आधींच का नाहीं खोंचलं?” आमच्या वर्गांत एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारला असता तरी आम्हीं त्याला खालींच बसविलें असतें.

परततांना नाव चढवून बांधली. थोडें अंतर जातांच मोटार थांबविली, कारण नवा ताण पहिल्या काहीं किलोमीटरांतच बसतो आणि तेव्हां तो पुन्हां पाहावा लागतो. पाहण्याची रीत सोपी आहे. नावेचें टोंक धरून हलवावें. नाव एकटी हलली तर बंध सैल. नावेबरोबर सबंध मोटार हलली तर बंध ठीक. सहा वर्षांच्या नातीला आम्हीं कडेवर घेतलें. तिनें दोन्ही हातांनीं टोंक धरून जोरानें हलविलें आणि वळून म्हणाली, “आजोबा, गाडी हलली!”

मग आम्ही मोटारींत बसलों.